वायरलेस शेड्युलिंगचं पेटंट आणि ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ हा आक्षेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्या, वागळे इस्टेटमधली छोटी युनिट्स आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅब यांच्याकडून हे प्रश्न सतत येत असतात. विषय एकच: उशीर न चालणाऱ्या डेटासाठी, म्हणजे रोबोटचा हात, क्रेनचं रिमोट कंट्रोल, व्हॉइस कॉल अशांसाठी, रेडिओची वेळ कुणाला कधी द्यायची याची पद्धत शोधली आणि पेटंट ऑफिसने ती ‘ऑब्व्हियस’, म्हणजे सहज सुचण्यासारखी, ठरवली. उत्तरं भारतीय कायद्याला धरून आहेत. परदेशातला फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे तो सांगितला आहे.

1. एफईआरमध्ये ‘क्लेम 1 ते 10 मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही’ असं लिहून आलंय. त्यांचं म्हणणं नेमकं काय आहे?

एफईआर म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, आणि क्लेम म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितला ती क्रमांकित वाक्यं. पेटंट कायदा 1970 च्या कलम 2(1)(जेए) मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या आहे. तिचे दोन भाग आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हावे लागतात. पहिला भाग असा की आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. दुसरा भाग असा की त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नसावी. पुष्कळ जण पहिल्या भागावरच थांबतात आणि ‘आमच्या पद्धतीने ऑपरेटरचे पैसे वाचतात’ असं उत्तर पाठवतात. पैसे वाचत असतील, पण ते कुणालाही सहज सुचलं असतं तर पेटंट मिळत नाही.

2. पण आमची पद्धत तर कुठेच जशीच्या तशी सापडत नाही. मग आक्षेप कसा?

जशीच्या तशी न सापडणं म्हणजे नावीन्य, आणि ती वेगळी पायरी आहे. नावीन्यासाठी क्लेममधली प्रत्येक गोष्ट एकाच दस्तऐवजात आहे का एवढंच बघतात. ऑब्व्हियसच्या तपासणीत परीक्षक दोन-तीन दस्तऐवज आणि क्षेत्रातलं सामान्य ज्ञान शेजारी ठेवून विचारतो की ही जोडणी करायला डोकं चालवावं लागलं असतं का. शेड्युलिंगमध्ये जवळजवळ सगळी लढाई याच पायरीवर होते, कारण इथले सुटे तुकडे फार पूर्वीपासून सगळ्यांच्या हातात आहेत.

3. ‘त्या क्षेत्रातला जाणकार’ म्हणजे कोण? आमचा फ्रेशर की टीम लीड?

दोघंही नाहीत. तो एक कल्पित माणूस आहे. त्याने सगळं प्रकाशित साहित्य वाचलेलं आहे, त्याचे हात सफाईचे आहेत, पण कल्पनाशक्ती बेताची आहे. सुप्रीम कोर्टाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या 1978 च्या निकालात कसोटी घालून दिली, ती आजही प्रत्येक उत्तरात येते. आधीचा दस्तऐवज एखाद्या सक्षम कारागिराच्या हातात दिला, त्याच्यासमोर तोच प्रश्न आहे, पण तुमचा शोध त्याला माहीत नाही. अशा वेळी तो ‘मला हवं ते यातच आहे’ असं म्हणेल का? वाद भांड्यांच्या लेथ मशीनचा होता, पण ती कसोटी बेस स्टेशनलाही लागू पडते.

आपल्या विषयात हा माणूस मॅक लेयरचा, म्हणजे रेडिओची वेळ वाटणाऱ्या थराचा, इंजिनिअर धरावा. सगळ्यांना आळीपाळीने वेळ देणारा राऊंड रॉबिन, चांगला चॅनल आणि न्याय्य वाटा यांचा तोल साधणारा प्रपोर्शनल फेअर आणि ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी वेळ देणारा ईडीएफ त्याला तोंडपाठ असतो. ईडीएफचं मूळ विश्लेषण 1973 चं आहे, लिऊ आणि लेलँड यांचं. रांगेत किती वेळ गेला आणि चॅनल किती चांगला आहे यांचा गुणाकार करणारा एम-एलडब्ल्यूडीएफ 2001 पासून छापील आहे. शेड्युलिंग रिक्वेस्ट (उपकरणाने वेळ मागणं), बफर स्टेटस रिपोर्ट (रांगेत किती डेटा आहे ते कळवणं), अपलिंक ग्रँट (बेस स्टेशनने उपकरणाला पाठवायची परवानगी देणं), एलटीईच्या, म्हणजे 4जीच्या, रिलीज (आवृत्ती) 8 मधलं सेमी-पर्सिस्टंट शेड्युलिंग, 5जीमधला कॉन्फिगर्ड ग्रँट (या दोन्हींत ठरावीक अंतराने वेळ आधीच राखून ठेवतात), हे सगळं त्याला येतं असं धरूनच बोला. तो कच्चा आहे असं दाखवायचा प्रयत्न हिअरिंगमध्ये कधीच टिकत नाही.

4. शेड्युलिंग म्हणजे अल्गोरिदमच. मग कलम 3(के) मध्येच अडकणार नाही का?

अडकू शकतं, पण तो वेगळा आक्षेप आहे आणि त्याचं उत्तर वेगळ्या परिच्छेदात द्यायचं असतं. 3(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘पर से’ (म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम) बाहेर आहेत. दिल्ली हायकोर्टाने फरीद अल्लानी प्रकरणात 2019 मध्ये सांगितलं की शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल तर नुसता प्रोग्रॅम आहे म्हणून तो नाकारता येत नाही. शेड्युलिंगमध्ये तांत्रिक परिणाम दाखवणं तुलनेने सोपं आहे, कारण निर्णयाचा शेवट हवेत जाणाऱ्या सिग्नलमध्ये होतो. म्हणून क्लेम ‘प्राधान्य मोजणे’ इथे संपवू नका. ग्रँट कोणत्या संदेशातून गेला, उपकरणाने कोणत्या स्लॉटमध्ये (वेळेच्या तुकड्यात) प्रक्षेपण केलं, इथपर्यंत न्या. हेच वाक्य ऑब्व्हियसच्या उत्तरातही उपयोगी पडतं.

5. परीक्षक सहसा कोणते दस्तऐवज पुढे करतात?

बहुतेक वेळा एक जुनं पेटंट आणि त्याला जोडून थ्रीजीपीपीचा (मोबाइलची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचा) एखादा कागद किंवा तपशीलपत्र. तुम्ही स्वतः शोध घेताना फक्त पेटंट डेटाबेस चाळलात तर अर्धं जग सुटतं. मॅक लेयरसाठी एलटीईचं 36.321 आणि 5जीचं 38.321 ही तपशीलपत्रं आणि त्यांच्यामागचे आरएएन1, आरएएन2 या गटांचे मीटिंग कागद बघावेच लागतात. 2016 ते 2018 या काळात रिलीज 15 ची तयारी चालू होती. ग्रँटशिवाय प्रक्षेपण, दोन-चार-सात सिम्बॉलचे (सिम्बॉल म्हणजे स्लॉटचा चौदावा भाग) मिनी-स्लॉट, चालू प्रक्षेपण मध्येच तोडून तातडीचा डेटा घुसवणं या सगळ्यांवर तेव्हा कागदांचा ढीग पडला आहे. तुमची कल्पना त्या ढिगात कुणीतरी एका ओळीत लिहून ठेवलेली असण्याची शक्यता खरोखर मोठी आहे. रिलीज 17 मध्ये ‘सर्व्हायव्हल टाइम’ (संदेश न पोचताही यंत्रणा किती वेळ तग धरते) आला, रिलीज 18 मध्ये रांगेतल्या डेटाचा उरलेला वेळ कळवणारा डिले स्टेटस रिपोर्ट आला. उपकरण बेस स्टेशनला ‘माझ्याकडे एवढाच वेळ उरलाय’ असं कळवतं, एवढ्यावर आज क्लेम उभा करायचा असेल तर अर्जाचे पैसे वाचवा.

6. थ्रीजीपीपीचा मीटिंग कागद हा ‘प्रकाशित’ धरतात का? स्टँडर्डमध्ये तो घेतलाच नव्हता.

धरतात. स्टँडर्डमध्ये घेतला की नाकारला याने काही फरक पडत नाही. कागद सर्व्हरवर सर्वांना उघडा झाला तो दिवस मोजतात. मीटिंग सुरू होण्याच्या काही दिवस आधीच फाइल चढवलेली असते, म्हणून कागदावर छापलेली मीटिंगची तारीख आणि प्रत्यक्ष प्रकाशनाची तारीख वेगळी असते. सर्व्हरवर फाइलसमोर दिसणारी वेळ टिपून ठेवा. तुमची प्रायॉरिटी तारीख (जिच्या आधीचंच साहित्य तुमच्याविरुद्ध मोजतात ती) मीटिंगच्या आठवड्यातली असेल तर प्रकरण या दोन-चार दिवसांवर फिरू शकतं. नाकारलेल्या कागदाचा एक फायदाही असतो. मीटिंगच्या नोंदीत ‘यामुळे इतर वापरकर्त्यांची क्षमता घटते’ असं कारण देऊन तो मार्ग सोडलेला असेल, तर जाणकार त्या दिशेला गेला नसता हे सांगायला तो पुरावा होतो.

7. एक उदाहरण आकड्यांसकट द्याल का? कुठला क्लेम पडतो आणि कुठल्याला निदान लढता येतं?

महापे एमआयडीसीतल्या एखाद्या पॅकिंग लाइनची कल्पना करा. बेल्ट सेकंदाला अर्धा मीटर सरकतो. एका जागी कॅमेरा खोका ओळखतो, त्याच्या पुढे 20 सेंटिमीटरवर व्हॅक्यूम ग्रिपर तो उचलतो. ग्रिपरच्या सेन्सरने ‘पकड लागली’ हा छोटा संदेश 5 मिलिसेकंदांत मशीनच्या कंट्रोलरला पोचवायचा आहे. रेडिओ 5जीचा, सबकॅरिअर अंतर 30 किलोहर्ट्झ, म्हणजे स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा.

नेहमीच्या मार्गाने काय होतं ते मोजू. शेड्युलिंग रिक्वेस्टची संधी दर 2 मिलिसेकंदांनी येते असं धरलं तर वाईटात वाईट 2 मिलिसेकंद तिथेच जातात. ग्रँट परत यायला साधारण 1. उपकरणाला तयारीसाठी 12 सिम्बॉल, म्हणजे 0.43. प्रक्षेपणाला 0.5. बेरीज 3.93. बेस स्टेशनने उलगडायचा वेळ यात धरलेला नाही, आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्याला जागा उरत नाही.

पहिला क्लेम असा लिहिला: ‘तातडीच्या डेटाला जास्त प्राधान्य देऊन आधी ग्रँट देणे.’ हा पडतो. ईडीएफ अधिक बफर रिपोर्ट, संपलं.

दुसरा क्लेम: ‘ग्रिपरला प्रत्येक स्लॉट राखून ठेवणे.’ हाही पडतो, तो सरळ कॉन्फिगर्ड ग्रँट आहे. शिवाय दोन सेकंदांत एक खोका येत असेल तर 4000 स्लॉट राखून त्यातला एक वापरला जातो.

तिसरा: कॅमेऱ्याचं डेटा-पाकीट बेस स्टेशनवर आलं की बेस स्टेशन वेगळ्याच उपकरणाला, म्हणजे ग्रिपरला, त्याने काही न मागता 400 मिलिसेकंदांनंतरच्या छोट्या खिडकीपुरता ग्रँट देतं. बेल्टचा वेग एक टक्का इकडे-तिकडे होतो असं धरलं तर खिडकी 396 ते 404, म्हणजे 8 मिलिसेकंद, म्हणजे 16 स्लॉट. 4000 ऐवजी 16. आणि उशीर जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद वाट बघणं, 0.43 तयारी, 0.5 प्रक्षेपण, मिळून 1.43. आता दुसऱ्या प्रयत्नाला वेळ उरतो.

तिसरा क्लेम मंजूर होईलच असं नाही, शोधात काय सापडतं त्यावर ते ठरेल. पण इथे भांडायला जमीन आहे. आधीचे कागद ज्या उपकरणाला ग्रँट द्यायचा त्याच्याच रांगेकडे किंवा त्याच्याच सवयीकडे बघतात. इथे ट्रिगर दुसऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये आहे. हा फरक क्लेममध्ये शब्दाने यायला हवा. आणि बेल्ट थांबला तर काय, हेही अर्जाच्या तपशीलात (स्पेसिफिकेशनमध्ये) लिहा: खिडकी रिकामी गेली की ग्रिपर परत नेहमीच्या शेड्युलिंग रिक्वेस्टवर येतो, सलग किती रिकाम्या खिडक्यांनंतर 400 हा आकडा नव्याने शिकायचा, तो कशाच्या सरासरीवरून शिकायचा. मुख्य क्लेम डळमळला तर याच ओळी उपक्लेम म्हणून वाचवतात. त्या लिहून ठेवलेल्या नसतील तर नंतर घालता येत नाहीत (प्रश्न 9).

8. परीक्षकाने तीन कागद जोडलेत. असे कितीही जोडता येतात का?

संख्येला कायद्यात मर्यादा नाही, पण जोडण्याचं कारण दाखवावं लागतं. रोश विरुद्ध सिप्ला या दिल्ली हायकोर्टाच्या 2015 च्या निकालात पायऱ्या दिल्या आहेत: जाणकार कोण ते ठरवा, शोधाचा गाभा ओळखा, त्या तारखेचं सामान्य ज्ञान त्या जाणकाराच्या डोक्यात घाला, फरक शोधा, आणि तो फरक मागे वळून न बघता सहज सुचला असता का ते ठरवा. ‘मागे वळून न बघता’ यातच सगळं आहे. उत्तर माहीत झाल्यावर प्रत्येक कोडं सोपंच वाटतं.

प्रश्न 7 च्या उदाहरणात समजा कागद ‘अ’ एका उपकरणाची सवय पाहून त्यालाच आगाऊ ग्रँट देतो, आणि कागद ‘ब’ सांगतो की शेजारच्या सेन्सरांचा डेटा एकमेकांशी निगडित असतो, म्हणून एकानेच पाठवावा, बाकीच्यांनी गप्प बसावं. दोन्हींत ‘आगाऊ’ आणि ‘निगडित’ हे शब्द आहेत, त्यामुळे परीक्षक त्यांना जोडतो. उत्तर असं द्या: ‘ब’ प्रक्षेपणं कमी करायला सांगतो, आपण दुसऱ्या उपकरणाला एक जास्तीचं प्रक्षेपण देतो. ‘ब’ वाचून ‘अ’ सुधारायला बसलेला माणूस ग्रिपरला गप्प बसवेल, त्याला ग्रँट देणार नाही. एक कागद घेऊन, तो अक्षरशः अमलात आणला तर काय होतं हे वेळेच्या रेषेवर दाखवणं, यासारखा परिणामकारक युक्तिवाद या क्षेत्रात दुसरा नाही.

परीक्षकाच्या किंवा कंट्रोलरच्या (अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याच्या) आदेशात जोडण्याचं कारणच नसेल तर तो अपिलात कच्चा ठरतो. ॲग्रीबोर्ड प्रकरणात (दिल्ली हायकोर्ट, 2022) कोर्टाने म्हटलं की आदेशात आधीच्या दस्तऐवजातला शोध, अर्जातला शोध, आणि एकावरून दुसरा जाणकाराला कसा सहज सुचला असता, या तिन्हींची चर्चा हवी. नुसतं ‘डी1 आणि डी2 (परीक्षकाने पुढे केलेला पहिला आणि दुसरा कागद) पाहता ऑब्व्हियस’ पुरत नाही.

9. एफईआरला उत्तर कसं लिहायचं? क्रम सांगा.

मुदत एफईआर निघाल्याच्या तारखेपासून 6 महिने, फॉर्म 4 भरून आणखी 3 महिने. ईमेल तुम्ही कधी उघडला ते मोजत नाहीत.

आधी तक्ता करा. डावीकडे क्लेम 1 तुकडे पाडून, उजवीकडे प्रत्येक कागदात तो तुकडा कोणत्या परिच्छेदात आहे. परीक्षकाचे परिच्छेद क्रमांक स्वतः उघडून वाचा. पुष्कळदा उद्धृत परिच्छेदात डाउनलिंकचं (बेस स्टेशनकडून उपकरणाकडे) वर्णन असतं आणि तुमचा क्लेम अपलिंकचा (उलट दिशेचा) असतो. मग एक वाक्य: जवळच्या कागदात नाही ते नेमकं काय. मग त्या फरकामुळे काय साधतं, आकड्यात. मग तो जाणकार तिथे का पोचला नसता. क्लेम दुरुस्ती सगळ्यात शेवटी ठरवा, आधी नाही. घाईत अरुंद केलेला क्लेम परत रुंद करता येत नाही.

दुरुस्तीला कलम 59 ची चौकट आहे: सोडून देणं, चूक सुधारणं किंवा स्पष्ट करणं, आणि दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेत पूर्ण बसायला हवा. मूळ तपशीलात आहे ती गोष्ट घालून क्लेम अरुंद करणं सहसा चालतं. तपशीलात नसलेली गोष्ट, कितीही खरी असली तरी, आत येत नाही. हिअरिंग झाल्यावर लेखी म्हणणं द्यायला 15 दिवस असतात. ते दिवस नवा युक्तिवाद शोधायला नसतात, हिअरिंगमध्ये बोललेलं नीट कागदावर आणायला असतात.

10. सिम्युलेशनचे आलेख किती लागतात?

कमी, पण योग्य. सरासरी उशीर दाखवणारा आलेख जवळपास निरुपयोगी असतो, कारण उशीर न चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये सरासरीला कुणी विचारत नाही. थ्रीजीपीपीने 5जीसाठी ठेवलेलं लक्ष्यच असं आहे की 32 बाइटचं पाकीट 1 मिलिसेकंदात पोचण्याची खात्री 99.999 टक्के हवी. म्हणजे लाखात एक चूक. हे तपासायला हजार पाकिटांची चाचणी पुरत नाही, निदान काही लाख ते कोटींच्या घरात पाकिटं लागतात. शेपटीचा, म्हणजे सगळ्यात उशिरा पोचलेल्या थोड्या पाकिटांचा, आलेख द्या, आणि त्याच आलेखावर जवळच्या कागदाची पद्धत त्याच परिस्थितीत चालवून दाखवा. तुलना राऊंड रॉबिनशी केली तर परीक्षक विचारणारच की डी1 शी का नाही केली.

अर्जानंतरचा डेटा शपथपत्राने पुरावा म्हणून देता येतो, पण त्याने तपशीलातली भोकं बुजत नाहीत. परिणामाचा उल्लेख मूळ अर्जात बीजरूपाने तरी असावा.

11. आम्ही टायमर 5 वरून 3 मिलिसेकंद केला आणि फरक जबरदस्त पडला. पेटंट मिळेल?

एकट्या आकड्यावर बहुधा नाही. आकडा फिरवून बघणं हे जाणकाराचं रोजचं काम आहे. अपवाद एकच: त्या आकड्याला सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध उडी येते आणि तिचं कारण तुम्ही दाखवू शकता. उदाहरणार्थ 3 मिलिसेकंदांखाली पुनर्प्रक्षेपणाचा पूर्ण फेरा बसतच नाही, म्हणून सिस्टिम वेगळ्या पद्धतीने वागू लागते. पण मग क्लेम आकड्यावर बांधू नका, त्या कारणावर बांधा: ‘उरलेला वेळ एका फेऱ्याहून कमी असताना…’. आकडा बदलला तरी क्लेम जिवंत राहतो.

12. कारखान्यातल्या वायरच्या नेटवर्कमधली पद्धत आम्ही वायरलेसमध्ये आणली. हे नवीन नाही का?

नवीन असू शकतं, पण ऑब्व्हियसचा आक्षेप पक्का येणार. वेळेच्या खिडक्या उघड-बंद करणारं 802.1क्यूबीव्ही आणि फ्रेम मध्येच तोडणारं 802.1क्यूबीयू हे इथरनेटमध्ये 2015-16 पासून आहेत आणि फॅक्टरी ऑटोमेशनचा माणूस दोन्ही बाजू वाचतो. वाचवणारी गोष्ट एकच असते. वायरवर जे गृहीत होतं ते हवेत मोडतं, आणि ते मोडल्यावर तुम्ही काय केलंत? वायरवर रांग ज्याच्याकडे असते तोच पाठवायची वेळ ठरवतो, रेडिओवर अपलिंकची रांग वेळ वाटणाऱ्या बेस स्टेशनला दिसत नाही. वायरवर पाकीट हरवणं दुर्मीळ, हवेत रोजचं. भाषांतर करताना जिथे अडलात आणि जे नवं बसवलंत त्याचाच क्लेम करा. वाय-फायकडून 5जीकडे किंवा उलट आणतानाही हेच.

13. शेड्युलर मशीन लर्निंगने चालतो. त्याने बाजू भक्कम होते का?

‘न्यूरल नेटवर्क वापरून प्राधान्य ठरवणे’ याने भक्कम होत नाही, उलट 3(के) चा दरवाजा आणखी उघडतो. मॉडेलला काय खायला दिलं, ते रेडिओवरून कसं मिळालं, आणि मॉडेल चुकलं तर मुदत पाळायला काय ठेवलंय, हे लिहा. उशीर न चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये हा शेवटचा भाग खरा तांत्रिक असतो आणि बहुतेक अर्जांत तोच गायब असतो.

14. प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) आधी टाकला होता, मग मीटिंगमध्ये कागद ठेवला, मग कंप्लीट (पूर्ण अर्ज). आता आमचाच कागद आमच्याविरुद्ध कसा आला?

कारण प्रायॉरिटी तारीख अर्जाला सरसकट मिळत नाही, ती प्रत्येक क्लेमला वेगळी मिळते. प्रोव्हिजनलमध्ये ‘कॅमेऱ्यावरून ग्रिपरला ग्रँट’ एवढंच होतं. मीटिंगच्या चर्चेत खिडकी शिकण्याची युक्ती सुचली, ती तुम्ही कागदात घातली आणि पाच महिन्यांनी कंप्लीट स्पेसिफिकेशनमध्ये क्लेम केली. त्या क्लेमला प्रोव्हिजनलचा आधार नाही, म्हणून त्याची तारीख कंप्लीटची, आणि मधला तुमचाच कागद प्रायर आर्ट, म्हणजे आधीचं ज्ञात साहित्य. उपाय साधा आहे आणि तो वेळेतच करावा लागतो: कागद सर्व्हरवर चढण्याआधी त्यातली नवी भर घालून दुसरा प्रोव्हिजनल टाका. पहिल्यापासून 12 महिन्यांच्या आत दोन्ही मिळून एक कंप्लीट करता येतं. वैयक्तिक अर्जदार आणि स्टार्टअपसाठी ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये आहे. पाच महिन्यांची मेहनत वाचवायला ती फार नाही.

15. विद्यार्थ्याने कॉलेजच्या फेस्टमध्ये पोस्टर लावलं होतं. 12 महिन्यांची सवलत मिळते ना?

कलम 31 ची सवलत लोक समजतात तेवढी रुंद नाही. प्रदर्शनासाठी ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच लागते, कॉलेज फेस्टला नाही. विद्वत्सभेपुढे वाचलेला किंवा तिच्या वृत्तांतात संमतीने छापलेला निबंध मात्र चालतो, 12 महिन्यांच्या आत अर्ज केला तर, आणि त्यासाठी आता फॉर्म 31 आहे. स्वतःहून इंटरनेटवर चढवलेल्या मसुद्याचा भरवसा या कलमावर ठेवू नका. अमेरिकेत संशोधकाच्या स्वतःच्या प्रकाशनाला एक वर्षाची सूट आहे. युरोपात अशी सर्वसाधारण सूट नाही. म्हणून परदेशात जायचं असेल तर पोस्टरच्या आदल्या दिवशी अर्ज.

16. प्रतिस्पर्ध्याचा अर्ज आमच्या आधीचा आहे, पण आम्ही अर्ज केला तेव्हा तो प्रकाशित नव्हता. तो ऑब्व्हियससाठी वापरता येतो?

भारतात नाही. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रकाशित होतो. त्या अंधाऱ्या काळातला आधीचा भारतीय अर्ज फक्त ‘आधी क्लेम केलेलं’ या आधारावर येतो, आणि तोही त्याच्या क्लेमपुरता. दुसऱ्या कागदाशी जोडून तुम्हाला ऑब्व्हियस ठरवायला तो चालत नाही. युरोपातही तो फक्त नावीन्यासाठीच. अमेरिकेत मात्र चालतो, त्यामुळे एकाच क्लेमचं तिथे आणि इथे वेगळं भवितव्य होऊ शकतं. एफईआरमध्ये असा कागद इन्व्हेंटिव्ह स्टेपखाली आलेला दिसला तर आधी तारखा तपासा. एका ओळीत आक्षेप गळून पडतो.

17. परदेशातल्या ट्रायल नेटवर्कमध्ये ही पद्धत आधी चालवली होती म्हणे. कुठे छापलेलं नाही.

छापलेलं नसेल तर भारतात ऑब्व्हियससाठी ते मोजत नाही. कायद्यात प्रकाशन भारतातलं किंवा बाहेरचं दोन्ही चालतं, पण वापर भारतातला लागतो. मात्र ट्रायलबद्दलचं सादरीकरण किंवा व्हिडिओ त्या काळात उघडा ठेवला असेल तर ते प्रकाशनच. आधी तोच शोधा.

18. आमची पद्धत पुढे स्टँडर्डमध्ये घेतली. म्हणजे ती ऑब्व्हियस नव्हती हे सिद्ध झालं ना?

सिद्ध होत नाही. स्टँडर्डमध्ये साधे, सर्वांना पटणारे मार्गही घेतले जातात. प्रश्न तोच माहीत असून अनेक कंपन्यांनी त्या मीटिंगमध्ये वेगळे मार्ग सुचवले, तुमचा कुणीच सुचवला नाही, हे मात्र बोलकं असतं. तेवढे कागद नावानिशी आणि तारखेसकट लावा.

19. दुसऱ्याचं असं पेटंट आम्हाला अडवतंय. आम्ही कुठे, कधी जायचं?

मंजुरीआधी कुणीही कलम 25(1) खाली विरोध करू शकतो. मंजुरी प्रकाशित झाल्यापासून एक वर्षात हितसंबंध असलेली व्यक्ती 25(2) खाली. त्यानंतर कलम 64 खाली रद्द करण्याची मागणी हायकोर्टात, किंवा तुमच्यावर दावा झाला तर त्यातच प्रतिदावा. प्रायर आर्टचे सगळे पत्ते मंजुरीआधीच टाकायचे का, हा अवघड निर्णय आहे. आमचं मत असं की एक निर्विवाद, तारीख पक्की असलेला कागद हाती असेल तर तेव्हाच टाका. अर्धवट तीन कागद असतील तर थांबून शोध पूर्ण करा, कारण त्यांना वळसा घालून अरुंद झालेला क्लेम पुढे पाडायला जास्त जड जातो.

20. ठाण्या-नवी मुंबईतून हे सगळं करायला कुठे जावं लागतं?

महाराष्ट्रातल्या अर्जदाराचं कार्यालय मुंबईचं, अँटॉप हिलला. वाशीकडून हार्बरने जीटीबी नगर किंवा वडाळा रोडला उतरायचं. पण अर्ज ऑनलाइन आणि हिअरिंग व्हिडिओवर, त्यामुळे प्रत्यक्ष जायची वेळ क्वचित येते. तपासणी देशातल्या कुठल्याही कार्यालयातल्या परीक्षकाकडे जाऊ शकते, तरी अपील मुंबई हायकोर्टातच, आदेशापासून तीन महिन्यांत.

उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयापासून वरच्या कोर्टात होतो, आणि इथे नवी मुंबईकरांची गफलत होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत, पण खारघर, पनवेल आणि न्हावा शेवा बंदराचा उरण भाग रायगडात. बंदरातल्या क्रेनच्या रेडिओवरून वाद झाला तर ठाण्याचं कोर्ट गृहीत धरू नका. आणि प्रतिवादीने ‘पेटंटच ऑब्व्हियस आहे, रद्द करा’ असा प्रतिदावा टाकला की दावा प्रतिदाव्यासकट हायकोर्टात जातो.